विभाग नसलेलं विद्यापीठ

१९०९ साली न्यूयॉर्कमधल्या एका संशोधनसंस्थेत एक कोंबडी आणली गेली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, प्लिमथ रॉक जातीची. तिच्या छातीवर मोठी गाठ आली होती. ज्यांच्या हाती ती पडली ते पेटन राऊस तेव्हा जेमतेम तिशीत होते. त्यांनी गाठीचा तुकडा काढून त्याच जातीच्या दुसऱ्या कोंबडीच्या अंगात बसवला. तिथेही गाठ वाढली. मग त्यांनी गाठ वाटून तिचा रस काढला आणि तो इतक्या बारीक गाळणीतून गाळला, की पेशी सोडाच, जिवाणूही पलीकडे जाऊ नये. तो गाळीव रस टोचल्यावरही निरोगी कोंबडीला गाठ आली. म्हणजे तिथे कर्करोग पसरवणारं जे काही होतं, ते जिवाणूपेक्षाही लहान होतं. १९११ मध्ये राऊस यांनी हे प्रसिद्ध केलं.

फार थोड्यांना ते पटलं. कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो ही कल्पनाच त्या काळात कुणाच्या गळी उतरण्यासारखी नव्हती. सस्तन प्राण्यांत तसं काही सापडेना, तेव्हा काही वर्षांनी राऊस यांनीच तो विषय बाजूला ठेवला आणि रक्ताकडे, यकृताकडे ते वळले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर सायट्रेट आणि साखर घालून रक्त टिकवण्याची रीत बसवली. पुढच्या रक्तपेढ्यांची वाट तिथून निघाली. १९३०च्या दशकात त्याच संस्थेतल्या रिचर्ड शोप यांना सशांच्या कातडीवर मस उठवणारा विषाणू सापडला. त्यांनी तो राऊस यांच्या हवाली केला आणि राऊस जुन्या प्रश्नाकडे परतले. कोंबडीच्या गाठीबद्दलचं नोबेल पारितोषिक त्यांना १९६६ मध्ये मिळालं, ५५ वर्षांनी. तेव्हा त्यांचं वय ८७ होतं आणि प्रयोगशाळा त्यांनी अजूनही सोडलेली नव्हती.

माणसाला इतका वेळ देणारी ही जागा म्हणजे आजचं रॉकफेलर विद्यापीठ. मॅनहॅटनच्या पूर्वेला, ईस्ट नदीच्या काठी, यॉर्क अव्हेन्यूवर त्याचा परिसर आहे. खासगी विद्यापीठ, तेही अगदी लहान. बी.ए., बी.एस्सी.चे वर्ग इथे नाहीत. विद्यार्थी येतात ते मुख्यतः पीएच.डी.साठी, आणि त्यांची एकूण संख्या अडीचशेच्या आसपास असते. आपल्याकडच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन-तीन तुकड्यांत मावतील एवढीच मुलं. प्रयोगशाळा सुमारे सत्तर. आणि या ना त्या नात्यानं इथल्याच म्हणता येतील अशा नोबेल विजेत्यांची संख्या पंचविसाच्या पुढे.

या विद्यापीठात विभाग नाहीत. जीवशास्त्र विभाग, रसायनशास्त्र विभाग, त्यांचे विभागप्रमुख, विभागाच्या बैठका, विभागाच्या वाट्याच्या जागा, यातलं काहीच नाही. आहेत त्या फक्त प्रयोगशाळा. प्रत्येक प्रयोगशाळेला एक प्रमुख आणि त्याच्याभोवती विद्यार्थी, तरुण संशोधक, तंत्रज्ञ. प्रमुख निवृत्त झाला की ती प्रयोगशाळा बंद होते. तिच्या जागी कोण यावं हे शोधताना ‘आपल्याला अमुक विषयाचा माणूस हवा’ अशी अट सहसा नसते. विषय कोणताही चालतो, माणूस दमदार हवा. हे लहानपण आणि ही मोकळीक यांचं मूळ संस्थेच्या जन्मात आहे, कारण ही संस्था जन्मली तेव्हा विद्यापीठ नव्हतीच.

गोष्ट सुरू होते १८९७ च्या उन्हाळ्यात. तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या दानधर्माचा कारभार पाहणारे फ्रेडरिक गेट्स हे मुळात बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. वैद्यकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्या उन्हाळी सुटीत त्यांनी विल्यम ऑस्लर यांचं वैद्यकाचं जाडजूड पाठ्यपुस्तक वाचायला घेतलं आणि ते त्यात गुंगून गेले. ऑस्लर प्रामाणिक लेखक होते. रोगाची लक्षणं ते बारकाईनं मांडत, पण उपचाराशी आले की बहुतेक ठिकाणी हात टेकत. खात्रीचा इलाज असलेले रोग मोजकेच होते. गेट्स अस्वस्थ झाले. पॅरिसला पाश्चर यांची संस्था होती, बर्लिनला कॉख यांची. अमेरिकेत रोगांच्या मुळाशी जाण्यासाठी पूर्णवेळ काम करणारी तशी जागा नव्हती. त्यांनी रॉकफेलरना तसं कळवलं.

रॉकफेलरनी विचार करायला वेळ घेतला. १९०१ च्या जानेवारीत त्यांचा तीन वर्षांचा नातू स्कार्लेट फीवरनं गेला. जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एकाच्या घरात आजारी मूल होतं आणि त्याला द्यायला कुणाकडे औषध नव्हतं. त्याच वर्षी संस्था स्थापन झाली. सुरुवातीला दहा वर्षांसाठी मिळून दोन लाख डॉलर, म्हणजे नुसते इतर ठिकाणच्या संशोधकांना अनुदान देण्यापुरते. न्यूयॉर्क शहराला पुरवलं जाणारं दूध किती दूषित आहे, याचा अभ्यास हे अगदी पहिल्या कामांपैकी एक. नदीकाठच्या उंचवट्यावरचा एका जुन्या शेताचा तुकडा घेऊन १९०६ मध्ये प्रयोगशाळांची इमारत उघडली गेली.

पहिले संचालक सायमन फ्लेक्स्नर यांना माणसं हेरण्याची नजर होती. त्याचं एक ठळक उदाहरण म्हणजे हिदेयो नोगुची. जपानच्या एका गरीब शेतकरी कुटुंबातला हा मुलगा, लहानपणी भाजल्यानं त्याचा डावा हात अधू झालेला. फ्लेक्स्नर जपानला गेले असताना त्यांची ओळख झाली, तेवढ्या आधारावर नोगुची १९०० साली त्यांच्यापुढे अमेरिकेत येऊन उभे राहिले. फ्लेक्स्नरनी त्यांना कामाला लावलं, पुढे न्यूयॉर्कला आणलं. उपदंशाच्या शेवटच्या टप्प्यात वेड लागलेल्या रुग्णांच्या मेंदूत त्या रोगाचे जंतू असतात, हे नोगुचींनी १९१३ मध्ये दाखवलं.

१९१० मध्ये आवारातच एक रुग्णालय उघडलं. ते लहान होतं आणि ठरवून घेतलेल्या मोजक्याच रोगांचे रुग्ण तिथे दाखल होत. न्यूमोनिया, पोलिओ, उपदंश, हृदयविकार असे. रुग्णाकडून एक पैसाही घेतला जात नसे. डॉक्टर पूर्णवेळ संस्थेचे, आणि सकाळी खाटेपाशी पाहिलेला प्रश्न घेऊन दुपारी प्रयोगशाळेत बसणं हेच त्यांचं काम. आज ही कल्पना ओळखीची वाटते, पण अमेरिकेत तिची घडी बसवण्यात या रुग्णालयाचा मोठा हात आहे.

ऑस्वल्ड एव्हरी या रुग्णालयात १९१३ पासून होते. कृश अंगाचे, मितभाषी, अविवाहित. न्यूमोनियाचे जंतू हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्या जंतूंचे अनेक प्रकार असतात आणि प्रत्येकावर वेगळा रक्तद्रव टोचावा लागतो, म्हणून ते प्रकार ओळखण्याला रुग्णाच्या जीवन-मरणाइतकं मोल होतं. १९२८ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांना विचित्र गोष्ट दिसली. मेलेल्या घातक जंतूंच्या सोबतीनं जिवंत निरुपद्रवी जंतूही घातक होत आणि तो गुण त्यांच्या पुढच्या पिढ्यांत उतरे. मेलेल्या जंतूंकडून जिवंतांकडे नेमकं काय जातं, हा प्रश्न एव्हरींनी धरला.

मध्येच १९३०च्या दशकाअखेरीस सल्फा औषधं आली आणि न्यूमोनियाचा रक्तद्रव मागे पडू लागला. एव्हरींच्या प्रश्नाची व्यवहारातली गरज त्याबरोबर संपली होती. एखाद्या संस्थेनं त्यांना हे काम थांबवून काही उपयोगाचं हाती घ्यायला सांगितलं असतं, तर त्यात वावगं काही कुणाला दिसलं नसतं. एव्हरी मात्र थांबले नाहीत. कॉलिन मॅक्लिऑड आणि नंतर मॅक्लिन मॅकार्टी या दोन तरुण डॉक्टरांना घेऊन त्यांनी त्या पदार्थातला एकेक घटक काढून टाकत शुद्धीकरण चालू ठेवलं. प्रथिनं काढली, गुण टिकला. साखरेचं आवरण काढलं, तरी टिकला. शेवटी उरलं ते डीएनए. १९४४ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते. आनुवंशिकतेचा वाहक डीएनए आहे याचा पहिला भक्कम पुरावा तो. नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं नाही, आणि त्या पारितोषिकाच्या इतिहासातली ही मोठी उणीव मानली जाते.

मॅक्लिऑड आणि मॅकार्टी एव्हरींकडे शिकायला आले होते, पण तिथे ना वर्ग होता ना परीक्षा. एव्हरींच्या सोबत टेबलाशी काम करणं, एवढंच. संस्थेत शिक्षण चालूच होतं, फक्त त्याला पदवीचं नाव नव्हतं.

ते नाव दिलं डेट्लेव्ह ब्राँक यांनी. १९५०च्या सुमारास संस्थेच्या विश्वस्तांपुढे पुढे काय हा प्रश्न होता. एकेकाळी अमेरिकेत अशी संस्था एकटीच होती. आता सरकारी पैशावर मोठमोठ्या विद्यापीठांत वैद्यकीय संशोधन होऊ लागलं होतं. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते संस्थापकाचे नातू डेव्हिड रॉकफेलर. त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष असलेल्या ब्राँकना १९५३ मध्ये इकडे आणलं. ब्राँक यांचं स्वतःचं शिक्षण भौतिकशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांच्या सीमेवर झालेलं. पदवीचे आणि पदव्युत्तरचे ठरीव टप्पे मोडून हुशार विद्यार्थ्याला थेट संशोधनाकडे जाऊ द्यावं, असा घाट त्यांनी हॉपकिन्समध्येच घातला होता. न्यूयॉर्कला त्यांना कोरी पाटी मिळाली. १९५४ मध्ये राज्याकडून पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, १९५५ मध्ये पहिले दहा विद्यार्थी आले, १९५९ मध्ये पहिल्या पीएच.डी. दिल्या गेल्या आणि १९६५ मध्ये संस्थेच्या नावात ‘विद्यापीठ’ हा शब्द आला.

सुरुवातीच्या वर्षांत प्रवेशासाठी आलेल्या प्रत्येक उमेदवाराशी ब्राँक स्वतः बोलत. विद्यार्थ्याला प्रवेश एखाद्या विषयाला मिळत नसे, विद्यापीठाला मिळे. आजही तसंच आहे. नवा विद्यार्थी आला की पहिल्या वर्षात तो दोन-तीन प्रयोगशाळांत काही-काही आठवडे काम करून पाहतो. प्रमुख कसा आहे, तिथली माणसं एकमेकांशी कशी वागतात, आपल्याला तो विषय रात्री झोपू देत नाही इतका आवडतो का, हे सगळं जवळून पाहून मग गाइड निवडायचा. आपल्याकडे पीएच.डी.च्या उमेदवाराला आधी गाइडकडे जागा शिल्लक आहे का हे शोधत फिरावं लागतं. त्या अनुभवातून गेलेल्यांना ही उलटी रीत हेवा वाटावी अशी आहे.

पैशाची व्यवस्थाही तितकीच विचारपूर्वक केलेली. शिक्षणशुल्क नाही, उलट प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यावेतन. मॅनहॅटनसारख्या महागड्या ठिकाणी परवडेल अशा भाड्यात राहायला घर. विद्यावेतनाची हमी विद्यापीठाची असते, त्यामुळे गाइडकडे अनुदान आहे की नाही यावर विद्यार्थ्याची निवड अडत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पीएच.डी.चे विद्यार्थी पोटापाण्यासाठी पदवीच्या मुलांना शिकवतात, त्यांच्या उत्तरपत्रिका तपासतात. इथे पदवीची मुलंच नाहीत, तेव्हा तेही नाही. दिवसभर, आणि पुष्कळदा रात्रभर, प्रयोग.

ब्राँक यांची पैज योग्य होती का, याचं उत्तर फार लवकर मिळालं. जेराल्ड एडलमन हे डॉक्टर. अमेरिकी लष्कराच्या नोकरीत पॅरिसला असताना त्यांना शरीरातल्या प्रतिपिंडांबद्दल, म्हणजे रोगजंतूंना अडवणाऱ्या प्रथिनांबद्दल, कुतूहल वाटू लागलं. त्या प्रथिनांच्या रचनेबद्दल पुस्तकांत फार काही लिहिलेलंच नव्हतं. १९५७ मध्ये ते इथे हेन्री कुंकेल यांच्याकडे विद्यार्थी म्हणून आले आणि प्रतिपिंडाचा अवाढव्य रेणू एकसंध नसून साखळ्या जोडून बनलेला आहे, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच दाखवलं. १९६० मध्ये पीएच.डी. मिळाली. त्याच कामाचा विस्तार त्यांना १९७२ च्या नोबेलपर्यंत घेऊन गेला. विद्यार्थ्यानं आधी दुसऱ्यांचं ज्ञान पूर्ण गिळावं आणि मग कधीतरी स्वतःचं काही करावं, हा क्रम इथे मान्य नव्हता, आणि एडलमन त्याची पहिली मोठी साक्ष ठरले. १९७२ च्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेलही याच आवारातल्या स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन या जोडीकडे गेलं.

विभागांच्या भिंती नसल्यानं काय घडतं, हे समजून घ्यायला त्या कोंबडीकडेच परत जावं लागतं. १९२९ मध्ये बेल्जियमहून आल्बेर क्लोद नावाचे तरुण डॉक्टर संस्थेत आले. त्यांना राऊस यांच्या गाठीतला तो सूक्ष्म कारक शुद्ध स्वरूपात वेगळा करायचा होता. गाठीचा लगदा यंत्रात अतिवेगानं फिरवून त्याचे जड-हलके थर ते वेगळे करू लागले. तुलनेसाठी त्यांनी निरोगी पेशींचाही तसाच लगदा फिरवला, आणि तिथेही बारीक कणांचा थर मिळाला. विषाणू बाजूला राहिला. निरोगी पेशीच्या आत काय काय असतं, ते उलगडण्याचं साधन क्लोद यांच्या हाती लागलं. १९४५ मध्ये त्यांनी आणि कीथ पोर्टर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अख्ख्या पेशीचं चित्र टिपलं.

क्लोद यांच्याकडे रुमानियाहून आलेले जॉर्ज पलाडे शिकले. पेशीत प्रथिनं जिथे घडतात ते रायबोसोम त्यांनी दाखवले. पलाडेंकडे जर्मनीहून गुंटर ब्लोबेल आले आणि पेशीत तयार झालेल्या प्रथिनाला कुठे जायचं हे कसं कळतं, याचं उत्तर त्यांनी दिलं. प्रथिनाच्या अंगावरच पत्ता लिहिलेला असतो. क्लोद आणि पलाडेंना १९७४ चं नोबेल, ब्लोबेलना १९९९ चं. ब्लोबेलनी पारितोषिकाची बहुतेक रक्कम दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या ड्रेस्डेन शहराच्या पुनर्बांधणीला देऊन टाकली. हे सगळं एखाद्या ‘कर्करोग विभागा’त घडलं असतं का? मूळ विषयापासून भरकटल्याबद्दल क्लोद यांना तिथे कुणीतरी थांबवलं असतं, अशी शक्यताच जास्त.

विज्ञानाचे समाजशास्त्रीय अभ्यासक रॉजर्स हॉलिंग्जवर्थ यांनी मोठे शोध कोणत्या प्रकारच्या संस्थांत लागतात, याचा दीर्घ अभ्यास केला. त्यात रॉकफेलर वारंवार वर आलं. त्यांच्या मते कारणं दोन: निरनिराळ्या विषयांतली माणसं एका ठिकाणी असणं आणि ती संख्येनं इतकी थोडी असणं की एकमेकांना टाळताच येऊ नये. या बाबतीत दुपारच्या जेवणालाही श्रेय आहे. सुरुवातीपासून इथले संशोधक एका जेवणघरात, लहान टेबलांभोवती एकत्र जेवत, आणि रसायनशास्त्रज्ञाच्या शेजारी रुग्णालयातला डॉक्टर बसलेला असे. मोठ्या विद्यापीठात या दोघांच्या इमारतींमध्येच मैलाचं अंतर असतं.

हे जुन्या काळापुरतं नाही. फर्नांडो नॉटेबोम कॅनरी पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यास करत होते. वैद्यकाला वाहिलेल्या संस्थेत पक्ष्यांचं गाणं! पण नर कॅनरी दर वर्षी नवी गाणी कशी शिकतो हे शोधताना त्यांना प्रौढ पक्ष्याच्या मेंदूत नव्या चेतापेशी जन्माला येताना दिसल्या. प्रौढ मेंदूत नव्या पेशी तयार होत नाहीत, या पक्क्या समजुतीला १९८०च्या दशकात त्यानं मोठा धक्का दिला. रॉडरिक मॅकिनन यांची गोष्ट निराळी. पेशीच्या पडद्यातून पोटॅशियमचे कण आत-बाहेर जाऊ देणारी जी सूक्ष्म दारं असतात, त्यांचा ते हार्वर्डमध्ये विजेच्या प्रवाहावरून अभ्यास करत. प्रस्थापित प्राध्यापक होते. पण ते दार प्रत्यक्ष दिसतं कसं, हे पाहायचं तर क्ष-किरण स्फटिकशास्त्र शिकणं भाग होतं, आणि तो विषय त्यांना येत नव्हता. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायचं होतं. १९९६ मध्ये मोजकी माणसं घेऊन ते रॉकफेलरला आले. दोन वर्षांत त्यांनी त्या दाराची रचना अणूअणूनिशी जगापुढे ठेवली. नोबेल मिळालं २००३ मध्ये.

राल्फ स्टाइनमन १९७० मध्ये झॅनव्हिल कोन यांच्या प्रयोगशाळेत आले. १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत त्यांना झाडासारख्या फांद्या फुटलेल्या अनोळखी पेशी दिसल्या. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला जागं करणाऱ्या या पेशी आहेत, हे इतरांना पटायला वर्षानुवर्षं लागली. स्टाइनमन तिथेच राहिले, तेच काम करत. २००७ मध्ये त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा सहकाऱ्यांच्या मदतीनं याच पेशींवर आधारलेले प्रायोगिक उपचार त्यांनी स्वतःवर करून घेतले. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. ३ ऑक्टोबरला स्टॉकहोमहून नोबेलसाठी त्यांचं नाव जाहीर झालं. ते हयात नाहीत हे निवड समितीला ठाऊक नव्हतं. मरणोत्तर नोबेल द्यायचं नाही असा नियम आहे, तरी समितीनं विचार करून निर्णय कायम ठेवला.

या चित्राला दुसरी बाजू आहे. ब्राँक यांना विद्यापीठ केवळ जीवविज्ञानाचं ठेवायचं नव्हतं. त्यांनी मार्क काट्स यांच्यासारखे गणिती, जॉर्ज उलेनबेक आणि अब्राहम पाइस यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ, तर्कशास्त्रज्ञ हाओ वांग आणि तत्त्वज्ञांचा एक गटही आणला. पुढच्या काळात सॉल क्रिपकी, हॅरी फ्रँकफर्ट, डोनाल्ड डेव्हिडसन, जोएल फाइनबर्ग ही विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञानातली मोठी नावं एकाच वेळी या लहानशा आवारात होती. १९७०च्या दशकात महागाई आणि शेअर बाजाराची घसरण यांनी विद्यापीठाच्या निधीला खिंडार पाडलं आणि १९७६ च्या सुमारास तत्त्वज्ञांचा गट मोडीत निघाला. लहान असण्याची ही किंमत आहे. मोठ्या विद्यापीठात एखादा विभाग कसाबसा तग धरतो. इथे पैसा आटला की अख्खा विषय जातो, आणि ब्राँक यांच्या स्वप्नातलं ते पान पुन्हा लिहिलं गेलं नाही.

गुणाला वाव देण्याची ख्याती असलेल्या या संस्थेनं स्त्रियांच्या बाबतीत बराच काळ हात आखडता घेतला. फ्लॉरेन्स सेबिन १९२५ मध्ये पूर्ण सदस्य होणाऱ्या पहिल्या स्त्री. पण स्ट्रेप्टोकॉकस या जंतूंचं वर्गीकरण ज्यांच्या नावानं आजही जगभर वापरलं जातं, त्या रिबेका लान्सफील्ड यांना तो दर्जा मिळायला १९५८ उजाडलं. तोवर त्यांनी तिथे जवळपास चार दशकं काढली होती. आणि एकेका माणसावर सगळा विश्वास टाकण्याची रीत फार वाईट ठिकाणीही जाऊ शकते. विद्यापीठाच्या रुग्णालयात पूर्वी अनेक वर्षं काम केलेल्या एका डॉक्टरनं लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचं २०१८ मध्ये उघड झालं आणि पुढच्या वर्षीच्या स्वतंत्र चौकशी अहवालानं ते किती व्यापक होतं हे मांडलं. मुलांनी आणि पालकांनी तिथे येताना जो भरवसा ठेवला होता, त्याचा तो घात होता.

मराठी वाचकाला रॉकफेलर हे नाव पुण्यामुळे ओळखीचं असेल. १९५२ मध्ये तिथे सुरू झालेलं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारलं होतं. पुण्यात जन्मलेल्या कर्करोग संशोधक कमल रणदिवेही रॉकफेलर फेलोशिपवरच जॉन्स हॉपकिन्सला गेल्या होत्या. हे फाउंडेशन १९१३ चं आणि विद्यापीठाहून वेगळं. दोघांचं घराणं मात्र एक, आणि दुवाही होता: फाउंडेशनच्या विषाणू प्रयोगशाळा अनेक वर्षं न्यूयॉर्कमधल्या याच आवारात होत्या.

असं विद्यापीठ दुसरीकडे उभारता येईल का, हा प्रश्न साहजिक आहे. अडीचशे विद्यार्थ्यांमागे दोन अब्ज डॉलरहून मोठा निधी, समोरच्याच रस्त्यावर कॉर्नेलचं वैद्यकीय महाविद्यालय आणि स्लोन केटरिंग हे कर्करोग रुग्णालय, शिवाय सव्वाशे वर्षांची पुण्याई. हे सगळं जुळून येणं कठीण. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. गाइड निवडण्याआधी विद्यार्थ्याला दोन-तीन ठिकाणी काम करून पाहू देणं, रिकामी जागा भरताना विषयाच्या चौकटीत न अडकणं, वेगवेगळ्या विषयांच्या लोकांना दुपारी एका टेबलाशी बसवणं, एवढं तरी अंबाजोगाईच्या किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातही करून पाहता येईल.

या विद्यापीठाचा पदवीदान समारंभही वेगळा आहे. शेकडो नावं भराभर वाचून मुलांना रांगेनं व्यासपीठावरून पुढे सरकवण्याची इथे गरज पडत नाही, कारण नावं मोजकीच असतात. प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव आलं की त्याचा गाइड उठतो आणि या मुलानं किंवा मुलीनं इतकी वर्षं आपल्या प्रयोगशाळेत नेमकं काय केलं, हे सभागृहाला सांगतो. समोर आईवडील बसलेले असतात, अनेकदा हजारो मैलांवरून आलेले. गाइडचं बोलणं संपलं की विद्यार्थी पुढे होऊन पदवी घेतो. मग पुढचं नाव, आणि दुसऱ्या कुठल्या तरी प्रयोगशाळेचा प्रमुख खुर्चीतून उठतो.